बर्फाच्या तारखा

शिकागोतल्या माणसांना सुट्टीला कुठं चाललात विचारलं की ती नुसतं 'अप नॉर्थ' म्हणतात. गावाचं नाव सांगत नाहीत आणि विचारणाराही पुढं काही विचारत नाही. शिकागोहून निघून मॅडिसन, वॉसॉ ही गावं मागं टाकत सहा तास उत्तरेला जात राहिलं की मक्याची शेतं विरळ होतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाइन आणि बर्च दाटत जातात आणि झाडांच्या फटींतून सारखं कुठं ना कुठं पाणी चमकायला लागतं. हे विस्कॉन्सिन राज्यातलं नॉर्थवुड्स. त्यातल्या एकट्या व्हिलास काउंटीत १३०० हून जास्त तळी आहेत. त्यांपैकी एका तळ्यावरच्या रिसॉर्टला आम्ही गेली काही वर्षं जातोय. आधी फक्त उन्हाळ्यात जायचो, आता चारही ऋतूंत जातो.

रिसॉर्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं तिथं काही नाही. काठानं ओळीनं लाकडी केबिन्स, प्रत्येकीला छोटंसं स्वयंपाकघर, डास येऊ नयेत म्हणून जाळी लावलेली पडवी, समोर पाण्यात शिरलेला डॉक आणि त्याला बांधलेली एक बोट. भाडं आठवड्याचं, शनिवार ते शनिवार. चादरी आपल्या आपण न्यायच्या. मालकीणबाई या धंद्यातल्या तिसऱ्या पिढीच्या. त्यांच्या आजोबांनी मासे पकडायला येणाऱ्या शिकागोकरांसाठी पहिल्या केबिन्स बांधल्या.

बहुतेक पाहुण्यांना हे तळं फक्त जुलैतलं माहीत असतं. आम्हालाही तसंच होतं. पण जुलैत तिथं जे दिसतं, ते सगळं बर्फानं ठरवलेलं असतं: तळी, त्यांतले मासे, त्यांवरचे पक्षी, डॉक कधी पाण्यात जाणार, केबिन कधी उघडणार, वर्षाला किती कमाई होणार. बर्फ पाहिल्याशिवाय ती जागा कळतच नाही, असं माझं आता ठाम मत झालंय.

मुळात ही तळी बर्फाचीच. शेवटच्या हिमयुगातली प्रचंड हिमचादर या भागातून साधारण १२ ते १५ हजार वर्षांपूर्वी मागं हटली. जाताना वाळू आणि गोट्यांचे ढीग टाकून गेली आणि त्या ढिगांत बर्फाचे मोठमोठे तुकडे गाडले गेले. ते सावकाश वितळले, वरची जमीन खचली आणि त्या खड्ड्यांत पाणी साठलं. आमच्या तळ्यात एकही ओढा येऊन मिळत नाही आणि एकही बाहेर पडत नाही. पाऊस, वितळलेला बर्फ आणि वाळूतून झिरपणारं पाणी, एवढ्यावर ते उभं आहे. छातीभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसतात.

जंगल मात्र वाटतं तितकं जुनं नाही. १८७० नंतरच्या चाळीसेक वर्षांत उत्तर विस्कॉन्सिनमधले व्हाइट पाइन अक्षरशः भुईसपाट झाले. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागो जळत होतं, त्याच रात्री इकडं पेश्टिगो नावाचं लाकूडतोड्यांचं गाव वणव्यात खाक झालं. पेश्टिगोच्या परिसरात मेलेल्यांचा अंदाज १२०० ते २५०० असा सांगतात, शिकागोपेक्षा कितीतरी जास्त. तरी आग म्हटली की नाव शिकागोचंच निघतं. पुढं शिकागो पुन्हा उभं राहिलं, त्यात या जंगलातलं लाकूड गेलं. जंगल संपल्यावर उरलेली बुंध्यांची जमीन शेतीसाठी म्हणून होतकरू लोकांना विकली गेली. वाळूची जमीन आणि जेमतेम शंभर दिवसांचा हंगाम, त्यात पीक काय येणार? कित्येक कुटुंबं धुळीला मिळाली. शेवटी १९३३ मध्ये शेजारच्या वनाइडा काउंटीनं कुठं शेती करायची आणि कुठं जंगल वाढू द्यायचं याचे नियम घातले. गावाबाहेरच्या जमिनीसाठी असा कायदा करणारी ती अमेरिकेतली पहिली काउंटी. लाकूड वाहायला आलेली रेल्वे तोवर मासे पकडणारे पाहुणे आणत होती. शेतीनं हात टेकले तिथं रिसॉर्टनं तग धरला. केबिन्सच्या मागं लाल पाइनची झाडं फूटपट्टीनं आखल्यासारख्या रांगांत उभी आहेत. जंगल इतकं सरळ कसं, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. मालकीणबाई म्हणाल्या, लावलेलं आहे. त्यांच्या आजीला तिथं नुसते बुंधे आठवत.

उन्हाळ्याविषयी फार लिहीत नाही. लख्ख पाणी, रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळणारा उजेड, शुक्रवारी गावातल्या सपर क्लबमध्ये तळलेले मासे, आणि संध्याकाळी डासांच्या झुंडी. सगळं छान असतं, आणि सगळ्यांनी पाहिलेलंही. त्यातली एकच गोष्ट सांगायला हवी, ती लूनची.

एका उन्हाळ्यात आई नाशिकहून आली होती. पहिल्याच रात्री तिनं मला हलवून उठवलं. "अगं, बाहेर कोण रडतंय?" पाण्यावरून एक लांबलचक हाक येत होती, वर चढून पुन्हा खाली येणारी, आणि पलीकडच्या काठावरून तिला उत्तर. मी म्हटलं, "आई, पक्षी आहे, झोप." ती झोपली नाही. सकाळी सहाला चहाचा कप घेऊन डॉकवर जाऊन बसली, तेव्हा तिला तो दिसला. मखमली काळं डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकड्या, डोळा लालभडक. पाठीवर दोन पिल्लं, करड्या रंगाची. जोडीदार बुडी मारून गेला तो इतका वेळ वर आला नाही, की आई उभी राहून पाणी शोधायला लागली. लूनची हाडं इतर पक्ष्यांसारखी पोकळ नसतात, बरीचशी भरीव असतात, म्हणून तो खोल बुडू शकतो. पण त्याच वजनामुळं उडायला त्याला पाण्यावरून लांब धावावं लागतं. लहान डबक्यावरून त्याला उठताच येत नाही.

त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत आईची सकाळ डॉकवर. मालकीणबाई डॉकची फळी ठोकायला आल्या की आई माझ्यामार्फत त्यांना प्रश्न विचारायची.

"ही पिल्लं थंडीत कुठं जातात?"

फ्लोरिडाकडं, मेक्सिकोच्या आखाताकडं. समुद्रावर.

"आई-बापांबरोबर?"

नाही. मोठे लून आधी जातात, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पिल्लं मागं राहतात, अंगात जोर धरतात आणि काही आठवड्यांनी आपली आपण निघतात.

"मग वाट कोण दाखवतं?"

मी हे भाषांतर करून विचारलं, तेव्हा मालकीणबाईंनी हातोडी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले. कुणीच नाही. आईनं पुन्हा विचारलं, "पण पोचतात ना?" बहुतेक पोचतात, आणि दोन-तीन वर्षं समुद्रावरच काढून मग कधीतरी याच भागातल्या तळ्यांवर परत येतात. तेव्हापासून दर नोव्हेंबरात नाशिकहून फोन आला की तब्येत-पाण्याच्या चौकशीनंतर आईचा एक प्रश्न ठरलेला असतो. "गेली का गं पिल्लं?"

पिल्लांना घाई करायला हवी, कारण तळं गोठतं. गोठताना उघडं पाणी आक्रसत जातं, धावायला जागा उरत नाही, आणि उशीर झालेला लून त्या खिडकीएवढ्या पाण्यात अडकतो. म्हणून नोव्हेंबर हा तिथला जीव टांगणीला लागण्याचा महिना.

शरदातले रंग बघायला लोक सप्टेंबरच्या शेवटी येतात. मेपल लाल, अ‍ॅस्पेन पिवळे, हॉटेलं भरलेली. मला त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस जास्त आवडतात. पानं गळून गेलेली असतात, गर्दी ओसरलेली असते आणि दलदलीच्या कडेचे टॅमरॅक सोनेरी होतात. टॅमरॅक सूचिपर्णी असूनही दरवर्षी सुया गाळतो. त्या सुया वाऱ्यानं पाण्यावर येतात आणि काठाला पिवळी रेघ धरते. पाण्याच्या आतही याच दिवसांत मोठी उलथापालथ चाललेली असते. उन्हाळाभर तळ्यात वर कोमट आणि खाली गार असे थर असतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत, आणि तळातला प्राणवायू हळूहळू संपत येतो. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सियसला. वरचं पाणी निवत निवत तिथवर आलं की खाली बसायला लागतं, थर मोडतात, आणि वारा सगळं तळं वरपासून तळापर्यंत ढवळून काढतो. हिवाळाभर झाकणाखाली जगायचं तर माशांना लागणारा श्वास या ढवळण्यातूनच तळापर्यंत पोचतो. या भागातल्या तळ्यांचा हा अभ्यास जुना आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठानं ट्राउट लेकच्या काठावर संशोधन केंद्र काढलं ते १९२५ मध्ये, आणि ते आजही चालू आहे.

आणि हिवाळा. जानेवारीत पहिल्यांदा गेलो तेव्हा नेहमीची केबिन ओळखू येईना. गरम ठेवायची सोय दोनच केबिन्सना आहे, बाकीच्यांच्या नळांतलं पाणी काढून टाकलेलं असतं. रात्री पारा उणे ३० पर्यंत गेला होता. श्वास आत घेताना नाकातले केस ताठ होतात हे तिथं कळलं. मालकीणबाईंचे यजमान आम्हाला तळ्यावर घेऊन गेले. जाण्याआधी त्यांनी गिरमिटानं काठाजवळ भोक पाडून पट्टी घातली. चालायला किमान चार इंच स्वच्छ, काळा बर्फ लागतो. आमच्या पायांखाली तो कितीतरी जास्त होता. तरी माझं पाऊल उचलेना, आणि माझी लेक मात्र धावत पुढं गेलेली.

मध्यावर आणखी एक भोक पाडलं. गिरमिटाची पाती फिरायला लागली की आधी पांढरा चुरा वर येतो, मग करडा, मग एकदम प्रतिकार संपतो आणि पाणी उसळून बर्फावर पसरतं. लेकीनं पोटावर झोपून, दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती आडोसा करून आत पाहिलं. खाली हिरवट उजेड होता, पाणवनस्पती उभी होती, हिरवीच. एक पर्च मासा आला, थांबला, गेला. वर उणे २५, आणि तळाशी तेच ४ अंश. बर्फ पाण्यापेक्षा हलका म्हणून तो वर राहतो आणि खालचं जग राखतो. तो बुडणारा असता तर तळी तळापासून गोठत आली असती आणि या देशात मासा नावाला उरला नसता. हे शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. लेकीच्या शेजारी बर्फावर पालथी पडून पाहिल्यावर ते पटलं.

संध्याकाळी थंडी वाढली आणि तळं बोलायला लागलं. बर्फ आकुंचन पावताना, पसरताना तडे जातात. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पायांखालून एक आवाज धावत जातो, कधी खोल घुमणारा, कधी शिट्टीसारखा बारीक. पहिल्यांदा ऐकताना वाटतं आता सगळं फुटणार. तिथली माणसं म्हणतात, आवाज येतोय म्हणजे बर्फ धरतोय.

याच बर्फावर आता तिथल्या धंद्याचा अर्धा भाग उभा आहे. जवळच्या सेनर गावात कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्ये आपली मोटरवरची घसरगाडी बनवली, आजच्या स्नोमोबाइलची ती पूर्वज. एक पाय अधू असल्यानं त्यांना मित्रांबरोबर बर्फातून जंगलात जाणं जमत नव्हतं, त्यातून ती गाडी आली. हिवाळ्यात शेकडो मैलांच्या स्नोमोबाइल वाटा काउंटीभर पसरतात आणि त्यांवरून येणारी माणसं पेट्रोल पंप, खाणावळी आणि गरम केबिन्स चालवतात.

एप्रिल कुणाच्याच जाहिरातीत नसतो. कच्चे रस्ते इतके मऊ होतात की जड गाड्यांना बंदी घालतात. बर्फ काळपट पडतो, काठापासून सुटतो, आणि एखाद्या वादळी दुपारी वारा तो सगळा एका बाजूला ढकलून त्याच्या काड्या-काड्या करतो. त्या काड्या एकमेकींवर आपटून किणकिणतात. त्या दिवसाला 'आइस-आउट' म्हणतात, आणि मालकीणबाईंच्या ऑफिसातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या तारखा पेन्सिलीनं लिहिलेल्या आहेत. वरचं अक्षर आजोबांचं, टोकदार आणि तिरकं. मधलं वडिलांचं. खालचं मालकीणबाईंचं. काही तारखांपुढं एखादा शब्द: 'वारा', 'लून त्याच दिवशी', आणि एका ठिकाणी कुणाच्या तरी जन्माची नोंद. कपाट रंगवायचं झालं तरी ते दार तसंच ठेवतात.

बर्फ जाताच वॉलआय मासे अंडी घालायला उथळ, गोटाळ काठाशी येतात. त्यांचे डोळे उजेडात चमकतात. या भागातले मूळ अमेरिकी ओजिब्वे लोक पूर्वापार या रात्रींत मशाली घेऊन होडीतून भाल्यानं मासे मारत आले. तेच पाहून फ्रेंचांनी एका तळ्याला 'मशालींचं तळं', लाक द्यू फ्लाम्बो, असं नाव दिलं. १८३७ आणि १८४२ च्या करारांत ओजिब्वेंनी ही जमीन अमेरिकेला दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राज्यानं तो पुढं मानला नाही. १९८३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं मान्य केला, आणि त्यानंतरच्या वसंतांत बोटी सोडायच्या धक्क्यांवर जमाव जमायला लागले. आपल्याच तळ्यावर, आपल्याच हक्कानं उतरणाऱ्या माणसांवर दगड आले, शिव्या आल्या. ही फार जुनी गोष्ट नाही. मालकीणबाईंनी ते धक्के तरुणपणी पाहिलेत. त्या म्हणाल्या, आम्ही शाळेत एका बाकावर बसलेली मुलं होतो, आणि त्या रात्री एकमेकांकडं बघता येत नव्हतं. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात सूर्यास्त असतो, हे नसतं. माझ्या मते पाहुण्यांना हे माहीत असायला हवं. आपण ज्या पाण्याचं भाडं भरतो, त्यावर कुणाचा तरी आपल्याहून खूप जुना हक्क आहे.

कपाटाच्या दारावर परत येते. एकेका वर्षी तारीख इकडची तिकडं होतेच, त्यावरून निष्कर्ष काढू नये हे खरं. पण मॅडिसनच्या मेंडोटा तळ्याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत आणि तिथला बर्फाचा मुक्काम तेव्हापासून सुमारे महिन्याभरानं आखडला आहे. २०२३-२४ चा हिवाळा विस्कॉन्सिनच्या नोंदींतला सगळ्यात उबदार ठरला. बर्कबायनर ही केबल ते हेवर्ड अशी जवळपास ५० किलोमीटरची स्कीइंगची मोठी शर्यत त्या वर्षी १० किलोमीटरच्या वर्तुळावर, यंत्रानं बनवलेला बर्फ पसरून घ्यावी लागली. आम्ही त्या फेब्रुवारीत गेलो होतो. अंगणात तपकिरी गवत, स्नोमोबाइलच्या वाटांवर चिखल, काठाजवळ उघडं पाणी. दोन्ही गरम केबिन्सपैकी एकीत आम्ही, दुसरी रिकामी. मालकीणबाई तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत. हिशेबाची वही मिटून त्या एवढंच म्हणाल्या, की आजोबांना उन्हाळ्यावर भागवता येत होतं, आता करच इतके आहेत की हिवाळा लागतो.

आजूबाजूची अशी बरीच रिसॉर्ट्स विकली गेलीत. केबिन्स एकेक करून सुट्या विकतात, किंवा पाडून एक मोठं घर उठतं. पाणी मात्र खाजगी होत नाही, कारण विस्कॉन्सिनच्या घटनेनुसार नौका चालतील असं पाणी सगळ्यांचं, कायमचं खुलं. पण तिथं पोचायला जो काठ लागतो, तो खाजगी होत जातो. साध्या पगाराचं कुटुंब आठवडाभर तळ्यावर राहू शकेल अशा जागा कमी होताहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आम्ही जाहिरात पाहून आलो नव्हतो. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं सांगितलं, परवडलं, म्हणून आलो. असंच कुणीतरी पुढंही येऊ शकलं पाहिजे.

म्हणून आम्ही आमच्यापुरतं एक ठरवलंय. जुलैचा आठवडा दुसऱ्या कुणासाठी सोडायचा आणि आपण जायचं ते रिकाम्या महिन्यांत. या वर्षी ऑक्टोबर ठरलाय. तळं गोठायच्या आत डॉक बाहेर काढावे लागतात, नाहीतर बर्फ पसरताना ते काड्यांसारखे मोडतो. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, माणसं कमी आहेत. नवऱ्यानं छातीपर्यंत येणारे रबरी बूट आणलेत. लेकीला फळ्यांवर खडूनं नंबर घालायचं काम मिळालंय, वसंतात त्याच क्रमानं जोडायच्या म्हणून. आईनं फोनवर सांगितलंय की पिल्लं तोवर असतील तर व्हिडिओ पाठव, लांबून, त्यांना त्रास न देता. काल मालकीणबाईंचा निरोप आला: शनिवारी सकाळी आठला सुरुवात, लोकरीचे हातमोजे नकोत, रबरी आणा, आणि जमलं तर मागच्या वेळचा तो मसालेभात.